आयोगाचं तिकीट कोण वाटतं?

प्रादेशिक मानवी हक्क संस्थांवर सदस्य कसे जातात, यावर मागच्या महिन्यात बरीच पत्रं आली. त्यातली निवडक घेतो. बहुतेकांनी मतदानाबद्दल विचारलंय, पण खरी गंमत मतदानाच्या आधी असते. आपल्याकडे तिकीटवाटप झालं की कार्यकर्त्याला निकालाचा वास येतो, तसंच इथेही आहे.

आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगावर सदस्य नेमकं कोण पाठवतं? लोक मत देतात का? – विधी शाखेचा विद्यार्थी, पुणे

लोकांचा थेट संबंध नाही. आयोग 1959 मध्ये स्थापन झाला. त्याचं मुख्यालय वॉशिंग्टनमध्ये आहे आणि सदस्य 7. मुदत 4 वर्षांची, फेरनिवड एकदाच. त्यांना निवडते अमेरिकी राज्यांच्या संघटनेची आमसभा, म्हणजे दोन्ही अमेरिका खंड आणि कॅरिबियन बेटांची सरकारं.

निवडणुकीच्या आमसभेआधी सहा महिने महासचिव सगळ्या सरकारांना पत्र पाठवतात : नव्वद दिवसांत नावं कळवा. एक सरकार तीन नावांपर्यंत देऊ शकतं. तिन्ही दिली, तर त्यातलं किमान एक दुसऱ्या देशाच्या नागरिकाचं असावं लागतं. मग वर्णानुक्रमे यादी तयार होते आणि आमसभेच्या किमान तीस दिवस आधी सगळ्यांकडे जाते. प्रत्यक्षात बहुतेक देश एकच नाव देतात. ‘तिघांतून निवडा’ म्हणायचं धाडस कोण करणार?

मतदान गुप्त. निवडून यायला नुसती जास्त मतं पुरत नाहीत, सदस्यदेशांच्या संख्येचं निम्म्याहून जास्त बहुमत लागतं. 2023 मध्ये निकाराग्वा बाहेर पडण्याआधी संघटनेचे सदस्य 35 होते, पण क्युबा भाग घेत नाही. म्हणून 34 च्या हिशेबाने जादूचा आकडा तेव्हा 18 होता. बहुमत कुणी गाठलं नाही, तर पुन्हा फेरी, आणि सगळ्यात मागे असलेला उमेदवार बाहेर. अशा फेऱ्या चालू असताना सभागृहाबाहेर राजदूतांची जी धावपळ उडते, ती आपल्या विधान परिषदेच्या निवडणुकांची बातमीदारी केलेल्या कुणालाही ओळखीची वाटेल. ‘आमच्या माणसाला इथे मत द्या, तुमच्या माणसाला आम्ही तिकडच्या समितीत देऊ’ हा व्यवहार उघड गुपित आहे. मतपत्रिका गुप्त असल्यामुळे दिलेला शब्द पाळला की नाही, हे मात्र कळत नाही.

अमेरिकेने मानवी हक्कांचा तो करारच मंजूर केलेला नाही म्हणतात. मग ती उमेदवार कशी काय देते? – न्यू जर्सीतले एक वाचक

तुमची शंका रास्त आहे. 1969 चा अमेरिकी मानवी हक्क करार, ज्याला सान होसेचा करार म्हणतात, त्यावर अमेरिकेने 1977 मध्ये सही केली. पण सिनेटची संमती आजवर मिळालेली नाही. तरीही आयोग हे संघटनेचंच अंग असल्यामुळे तिथे उमेदवारी आणि मत दोन्ही सगळ्या सदस्यदेशांना आहे. कोस्टा रिकातल्या सान होसेमधल्या आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाचं तसं नाही. तिथले 7 न्यायाधीश सुचवण्याचा आणि निवडण्याचा हक्क फक्त करार मंजूर केलेल्या देशांना आहे.

पण उमेदवाराचं नागरिकत्व वेगळं आणि सुचवणारा देश वेगळा, असंही चालतं. थॉमस बर्गेनथाल यांचंच उदाहरण घ्या. लहानपणी आउशवित्झमधून वाचलेले आणि पुढे अमेरिकन नागरिक झालेले हे कायदेपंडित 1979 मध्ये या न्यायालयावर गेले, नंतर त्याचे अध्यक्षही झाले. त्यांचं नाव सुचवलं होतं कोस्टा रिकाने! उलट बाजूचं ताजं उदाहरण 2025 चं. रोसा मारिया पाया या क्युबाच्या विरोधी चळवळीतल्या कार्यकर्त्या. क्युबा संघटनेत बसतच नाही, मग त्यांचं नाव दिलं अमेरिकेने, आणि अँटिग्वामधल्या आमसभेत त्या आयोगावर निवडून आल्या. त्याच बैठकीत तिसरी जागा काही भरता आली नाही, कारण कुणाचीच पुरेशी मतं जमेनात.

अमेरिकेने नाव दिलं म्हणजे निवडून आलंच, असंही समजू नका. 2017 मध्ये मेक्सिकोतल्या कँकूनला त्यांचे उमेदवार डग्लस कॅसल पडले. ते आयुष्यभर याच विषयात काम केलेले प्राध्यापक. जागा गेल्या ब्राझील, चिली आणि मेक्सिकोच्या उमेदवारांकडे.

सरकारनेच पाठवलेला माणूस सरकारविरुद्ध बोलेल, हे पटत नाही. – निवृत्त शिक्षिका, सातारा

बाई, मलाही पूर्ण पटत नाही. कागदावर सदस्य ‘व्यक्तिशः’ निवडला जातो, देशाचा प्रतिनिधी म्हणून नाही. एका देशाचे दोन नागरिक एका वेळी आयोगावर नसतात. स्वतःच्या देशाचं प्रकरण आलं की त्या सदस्याला चर्चेतून उठावं लागतं, आणि हा नियम खरोखर पाळला जातो. पण मेख फेरनिवडीत आहे. चार वर्षांनी पुन्हा त्याच सरकारच्या दारात उभं राहायचं असेल, तर तिसऱ्या वर्षापासून माणूस जपून बोलू लागतो. युरोपने यावर साधा उपाय काढला, तो पुढच्या उत्तरात.

परीक्षेच्या दृष्टीने युरोपीय न्यायालयाची पद्धत सांगाल का? – स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, लातूर

परीक्षेत काय येईल ते मी सांगू शकत नाही, पद्धत सांगतो. स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात युरोप परिषदेच्या प्रत्येक सदस्यदेशाचा एक न्यायाधीश असतो. 2022 मध्ये रशियाला काढल्यापासून देश 46. इथे तीन नावं सक्तीची आहेत. सरकारने यादी पाठवण्याआधी ती सात तज्ज्ञांच्या सल्लागार मंडळाकडे जाते. त्यांचं मत गोपनीय राहतं. मग युरोप परिषदेच्या संसदीय सभेची समिती तिन्ही उमेदवारांची समोरासमोर मुलाखत घेते. एखादा कामचलाऊ किंवा नात्यागोत्यातला घुसडला असेल, तर समिती अख्खी यादी फेटाळण्याची शिफारस करू शकते. शेवटी संसदीय सभेचे सदस्य गुप्त मतदान करतात. पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त मतं लागतात, दुसरीत सर्वाधिक मतं पुरतात.

यादीत स्त्री-पुरुष दोन्ही हवेत असा सभेचा आग्रह असतो. माल्टाने तिघेही पुरुष पाठवले तेव्हा वाद न्यायालयाकडेच गेला. 2008 मध्ये न्यायालयाने सांगितलं की, देशाने मनापासून शोध घेऊनही योग्य स्त्री उमेदवार मिळाली नसेल, तर केवळ त्या कारणाने यादी फेटाळू नका.

आणि तो साधा उपाय : 2010 पासून मुदत 9 वर्षांची, फेरनिवड नाही. पुन्हा निवडून यायचंच नसेल, तर खुशामत कुणाची करणार?

आमच्यासारख्या छोट्या संस्थांनी यात काय करायचं? – एक कार्यकर्ता, नागपूर

अमेरिका खंडातल्या स्वयंसेवी संस्थांनी 2015 मध्ये एक युक्ती केली. अधिकृत छाननी होत नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच नामवंत कायदेतज्ज्ञांचं स्वतंत्र मंडळ बसवलं. हे मंडळ उमेदवारांना प्रश्नावली पाठवतं, मुलाखती घेतं आणि प्रत्येकावरचा अहवाल मतदानाआधी जाहीर करतं. तो सरकारांवर बंधनकारक नाही. पण कमकुवत उमेदवाराचं नाव छापून आलं की सुचवणारं सरकार अवघडतं. दबाव आणायचा तो नाव ठरण्याआधी, आपल्या राजधानीत. यादी वॉशिंग्टनला पोहोचल्यावर उरते ती मतांची बेरीज.

आपल्या दक्षिण आशियात असं काही का नाही? – नाशिक

सार्कची सनद 1985 ची. तिच्यातच द्विपक्षीय आणि वादग्रस्त विषय चर्चेतून वगळलेत, तेव्हा शेजाऱ्याच्या तुरुंगाबद्दल विचारणार कोण? आग्नेय आशियाने 2009 मध्ये आयोग काढला, पण तिथे निवडणूक नाही. प्रत्येक सरकार आपला प्रतिनिधी नेमतं आणि मनात आलं की बदलतं.

आपल्याकडे आहेत ते राष्ट्रीय आणि राज्य आयोग, 1993 च्या कायद्याखालचे. महाराष्ट्रात अध्यक्ष आणि सदस्य राज्यपाल नेमतात, पण शिफारस करणाऱ्या समितीत मुख्यमंत्री, विधानसभा अध्यक्ष, गृहमंत्री आणि विधानसभेतले विरोधी पक्षनेते असतात. विधान परिषद असल्यामुळे तिचे सभापती आणि तिथले विरोधी पक्षनेतेही. उमेदवारांची जाहीर मुलाखत घ्यावी, असं कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. घेऊ नये, असंही नाही. नागपूरच्या कार्यकर्त्यांनी पुढच्या नेमणुकीच्या वेळी समितीतल्या विरोधी पक्षनेत्यांना तेवढं एक पत्र लिहून पाहावं.