आगाशिवच्या लेण्यातलं नाकवालं वटवाघूळ

प्रश्न : मित्रांबरोबर आगाशिवची लेणी बघायला गेलो होतो, एका अंधाऱ्या खोलीत छताला अंगठ्याएवढी वटवाघळं लटकलेली, पंख अंगाभोवती गुंडाळून. मोबाईलवर फोटो झूम केला तर नाकावर चामड्याचं काहीतरी विचित्रच. एक मित्र म्हणतो ही रक्त पितात. नेटवर एका ठिकाणी एक फॅमिली लिहिलीय, दुसरीकडे दुसरीच. नक्की कोण ही? फोटो पाठवतोय. (एक वाचक, कराड)

उत्तर : रक्ताचं आधी मिटवून टाकू. रक्तावर जगणारी वटवाघळं अख्ख्या जगात तीनच जातींची आणि तिन्ही तिकडं अमेरिका खंडात, आपल्याकडं एकही नाही. मित्राला सांगा निवांत झोप.

आता फोटो. फ्लॅश मारलाय तुम्ही, पुढच्या वेळी नको, दिवसा ती झोपलेली असतात. पण त्यामुळं नाक छान दिसतंय. खाली नाकपुड्यांभोवती घोड्याच्या नालासारखी पट्टी, मधोमध पुढं आलेला एक उभा तुकडा, आणि वर कपाळाकडं निमुळती होत गेलेली टोकदार पाळी. हे तिन्ही एकत्र दिसलं की डोळे झाकून ऱ्हायनोलोफिडी म्हणा. या फॅमिलीत हल्ली एकच प्रजाती (जीनस) धरतात, ऱ्हायनोलोफस, पण जाती मात्र शंभराच्या वर. सह्याद्रीत त्यातलं ऱ्हायनोलोफस रूक्साय बऱ्यापैकी सापडतं, तुमचंही ते असू शकतं, पण निव्वळ फोटोवर जात सांगणारा माणूस थापा मारतोय असं समजा. त्यासाठी हाताच्या हाडाची लांबी, दात आणि आवाजाची फ्रिक्वेन्सी लागते.

नेटवरचा घोळ होतो तो हिप्पोसिडेरिडी या दुसऱ्या फॅमिलीमुळं. ती वटवाघळं बरीच वर्षं याच फॅमिलीत उपकुळ म्हणून कोंबलेली होती, आता वेगळी धरतात. त्यांच्याही नाकावर पाळ्या असतात पण वरची पाळी टोकदार नसते, आडवी पसरट असते, आणि मधला उभा तुकडा नसतोच. शिवाय पायाच्या बोटात (अंगठा सोडून) त्यांना दोन-दोन हाडं, नालवाल्यांना तीन-तीन. हे लेण्यात बसून मोजता येणार नाही, पण वर्गीकरणवाले असलंच काहीतरी बघत बसतात आणि बरोबर करतात.

हे नाक शोभेला नाही. ही वटवाघळं तोंड मिटून नाकातून आवाज सोडतात आणि ती पाळी त्याचा झोत समोर वळवते. आवाज ८० किलोहर्ट्झच्या आसपास, माणसाला २० च्या वरचं ऐकू येत नाही. मिरज स्टेशनवर उभं राहिलं की येणाऱ्या गाडीचा हॉर्न चढा लागतो ना, तोच प्रकार इथं होतो. वटवाघूळ ताशी १८ किलोमीटरनं उडत असलं तरी परत येणारा प्रतिध्वनी दोनेक किलोहर्ट्झनं चढतो. आणि त्याचा कान एका ठराविक बारीक पट्ट्यातच भयंकर तिखट असतो. मग ते काय करतं, उडताना स्वतःचाच आवाज तेवढा खाली उतरवतं म्हणजे प्रतिध्वनी बरोबर त्या पट्ट्यात येऊन पडतो! हे १९६८ मध्ये श्निट्झलर या जर्मन शास्त्रज्ञानं दाखवलं. याचा फायदा असा की गच्च झाडीत पानं स्थिर असतात पण पतंगाचे पंख फडफडतात, त्या फडफडीनं प्रतिध्वनी थरथरतो आणि शिकार सापडते. खाणं म्हणजे मुख्यतः पतंग आणि भुंगेरे. युरोपातली यांची मोठी जात आपल्या हुमणीच्या (उसाची मुळं खाणारी अळी) भावकीतले भुंगेरे खाते, तेव्हा उसवाल्यांनी या मंडळींना हाकलायची घाई करू नये एवढंच.

सगळ्यात मजेशीर गोष्ट नात्याची. पूर्वी सरळ दोन गट होते, फळं खाणारी मोठी आणि किडे खाणारी छोटी. २००० सालाच्या आसपास डीएनए तपासला तर ही नालवाली किडेखाऊ निघाली वडा-पिंपळावर लटकणाऱ्या फळखाऊंच्या जवळची, आणि बाकीच्या बहुतेक किडेखाऊंपासून लांबची. म्हणजे “छोटी किडे खाणारी वटवाघळं” असा एक गट मुळात नाहीच, आकार आणि आहार बघून नातं ठरवलं की फसगत होते.

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्यात कौलांखाली अगदी बारकी वटवाघळं राहतात, तीच का ही? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बहुतेक नाही. नाक उंदरासारखं साधं असेल तर व्हेस्पर्टिलिओनिडी, वटवाघळांची सगळ्यात मोठी फॅमिली, ती आवाज तोंडातून काढतात. कौलं शाकारायची असतील तर आधी पिल्लं नाहीत ना बघा, आणि एखादं खाली पडलं तर उघड्या हातानं उचलू नका, चावलंच तर जखम साबण-पाण्यानं धुवून लगेच डॉक्टरकडं जा, रेबीजचा विषय आहे.