वीज वाचवणारा पंखा, तरी बिल तेवढंच का?

प्रश्न: मे महिन्यात दोन जुने पंखे काढून बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचे) पंखे बसवले. बिल जवळजवळ तेवढंच आलं. फसवणूक झाली का?

उत्तर: बहुधा नाही. आधी रुपये सोडा, युनिट बघा, तेही गेल्या वर्षीच्या मे महिन्याशी ताडून. दर आणि बिलाचे दिवस बदलतात.

मग तास मोजा. ७५ वॅटचा जुना पंखा रोज १० तास चालला तर ३० दिवसांत २२.५ युनिट. ३० वॅटचा नवा तितकाच चालला तर ९. पण ‘याला वीज लागतेच किती’ म्हणून तो चोवीस तास फिरू लागला, की २१.६! बचत तिथेच संपते. अर्थशास्त्रात याला ‘रिबाउंड परिणाम’ म्हणतात. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये ब्रिटनच्या कोळशाबाबत हेच मांडलं: इंजिनं काटकसरी झाली, वापर स्वस्त पडला, कोळसा जास्त जळला. घरात सगळीच बचत क्वचित जाते, म्हणून पंखे बदलणं योग्यच.

आठवडाभर रोज ठरावीक वेळी मीटरचा आकडा लिहा, शेजारी पंख्याचे तास. आणि जुना रेग्युलेटर वायरमनकडून काढून घ्या. त्यावर बीएलडीसी पंख्याचं सर्किट बिघडू शकतं.