‘आमच्या घरात कोणाला सुपारीचंही व्यसन नाही, मग हा कुठून शिकला?’

पंधरा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात पेन ड्राइव्हसारखं काहीतरी सापडलं. ती व्हेप, म्हणजे निकोटिनची वाफ ओढायची इलेक्ट्रॉनिक सिगारेट, निघाली. वडिलांनी दोन थोबाडीत दिल्या, मोबाइल काढून घेतला आणि तिसऱ्या दिवशी तिघंही समुपदेशनाला आले. आईंनी आल्या आल्या वरचाच प्रश्न विचारला. तो या ना त्या शब्दांत बहुतेक पालक विचारतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

त्यातला ‘कुठून’ हा शब्द अगदी नेमका होता. आपण मुलाच्या स्वभावात खोट शोधत बसतो. उत्तर पुष्कळदा एखाद्या जागेत आणि एखाद्या वेळेत सापडतं.

मुलाशी एकट्याने बोलणं झालं आणि त्याला एक छोटी वही दिली. सात दिवस, दरवेळची नोंद: किती वाजता, कुठे, सोबत कोण, त्याआधी काय घडलं. सोडायचं की नाही, यावर एक अक्षरही नाही. वही परत आली तेव्हा तिच्यात चौदा नोंदी होत्या. अकरा नोंदी शाळा सुटणं आणि क्लास भरणं यांमधल्या पन्नास मिनिटांतल्या. पार्किंगमागची भिंत, तेच चौघं. उरलेल्या तीन रात्रीच्या, गच्चीवरच्या, आणि तिन्ही वेळा त्या दिवशी गुण कळले होते.

या वयात सोबत कोण आहे याला फार वजन असतं. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गाडी चालवण्याचा संगणकीय खेळ होता. 13 ते 16 वर्षांच्या मुलांनी एकट्याने खेळताना घेतला नाही इतका धोका मित्र बघत असताना पत्करला. 24 वर्षांपुढच्यांत असा फरक जवळपास पडला नाही. म्हणजे ‘एकटा असतो तेव्हा किती शहाणा वागतो’ हे आईचं म्हणणं खोटं नव्हतं.

त्या भिंतीपाशी नको म्हणणारा ‘बाळ’ ठरतो. फळांच्या वासाची वाफ, निकोटिन सॉल्ट या निकोटिनच्या सौम्य लागणाऱ्या रूपामुळे घशाला फारसा ठसका नाही. त्यामुळे हे सिगारेटसारखं ‘खरं’ व्यसन वाटतच नाही. गच्चीच्या नोंदी मात्र घराकडे बोट दाखवत होत्या. घरात कोणी ओढत नव्हतं, पण ताण आला की दार लावून घ्यायचं आणि कमी गुणांवर कोणी बोलायचं नाही, ही त्या घराची रीत होती. मुलाने ती उचलली, फक्त सोबत व्हेप नेली. (मुलींच्या बाबतीत लपवाछपवी आणखी वाढते. बदनामीच्या धास्तीने त्या पुष्कळदा कोणालाच सांगत नाहीत आणि गोष्ट उशिरा उघडकीस येते.)

“सगळेच ओढतात,” असं तो म्हणाला. मग वर्गातल्या एकेकाचं नाव घेऊन, स्वतः पाहिलेलं तेवढंच मोजायला लावलं. चाळीस जणांत सात झाले. तो बोटं उघडून पुन्हा मोजत बसला. समवयस्कांचं व्यसन फुगवून समजण्याची ही सवय पर्किन्स आणि बर्कोविट्झ यांनी 1986 मध्येच महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या दारू पिण्याबाबत दाखवली होती.

मग पन्नास मिनिटांचं काय करायचं ते ठरलं. ‘तिथे जाऊ नकोस’ एवढ्यावर भागत नाही, त्या वेळेला दुसरं काम लागतं. तो एका न ओढणाऱ्या मित्राबरोबर टेबल टेनिस खेळायला जाऊ लागला. नकार देण्याची तालीमही झाली. सुरुवातीला तो ‘आज खोकला आहे’ असं सांगायचा आणि समोरून ‘मग उद्या’ यायचं. कारण दिलं की त्याला तोड निघतेच. शेवटी “नको, निघतो मी” एवढंच, तेही पाय उचलत. हे दहा-बारा वेळा म्हणून घेतलं.

पालकांना आधीच सांगून ठेवलं होतं: सोडल्यावर दुसरा-तिसरा दिवस सर्वांत कठीण जातो, चिडचिड दोन ते चार आठवडे राहू शकते, तिला उद्धटपणा समजू नका. म्हणून परीक्षेचा आठवडा टाळून सोडायचा दिवस ठरवला. तलफेची लाट सहसा काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यापुरतं पाणी पिणं, चालत राहणं. झोप उडाली, मूड फार खालावला किंवा दम लागू लागला, तर थेट डॉक्टरांकडे.

तिसऱ्या आठवड्यात एका वाढदिवसाला त्याने दोन झुरके मारले आणि रात्री आईला आपणहून सांगितलं. वडील पुन्हा मोबाइल काढून घ्यायला निघाले. त्यांना तिथेच थांबवावं लागलं. स्टॅटिन आणि केर यांच्या 2000 मधल्या अभ्यासानुसार, पालकांना मुलांबद्दल जे कळतं ते पाळत ठेवून नव्हे, प्रामुख्याने मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे. कबुलीलाच शिक्षा झाली, तर पुढची खबर घरापर्यंत येत नाही. त्याऐवजी वडिलांना एक काम दिलं: रोज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं मुलाबरोबर गच्चीवर चकरा, गुणांचा विषय वर्ज्य. पहिले चार दिवस दोघंही गप्पच चालले. पाचव्या दिवशी मुलगा टेबल टेनिसमध्ये हरल्याचं सांगू लागला.