दमट हवेतून वीज बनवायचं वेड आणि बारावीनंतरची ॲडमिशन

नमस्कार ताई,

तुमचं पत्र नीट वाचलं. लेक बारावी सायन्सला, दमट हवेतून वीज देणाऱ्या मटेरियलबद्दल तिने वाचलं आणि आता तिला तेच करायचंय, घरचे म्हणतात कम्प्युटरला घाला, आणि एक प्रायव्हेट कॉलेज नॅनोटेक्नॉलॉजीच्या बीटेकसाठी आत्ताच डिपॉझिट मागतंय. हे खरं असतं का आणि यात पोट भरतं का, हे तुमचे दोन मुख्य प्रश्न.

खरं आहे. 2020 ला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीत जुन याओ आणि डेरेक लव्हली यांच्या टीमने एका बॅक्टेरियाच्या प्रोटीन तारांची पातळ फिल्म नुसती हवेत ठेवून वीज काढली, आणि 2023 ला याओंच्या ग्रुपने दाखवलं की मटेरियल तेच लागतं असं नाही, छिद्रं 100 नॅनोमीटरपेक्षा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) बारीक पाहिजेत, म्हणजे वरच्या बाजूला पाण्याचे रेणू भरपूर आदळतात, खाली कमी पोचतात आणि त्या फरकातून चार्ज तयार होतो. त्याआधी 2017 ला चीनमध्ये काजळीच्या थरातून पाणी वर चढून उडून जाताना 1 व्होल्टपर्यंत मिळाले होते. आणि हे लेकीला आवर्जून सांगा, 2003 मध्ये आपल्या बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेत अजय सूद यांच्या टीमने कार्बन नॅनोट्यूबवरून, म्हणजे कार्बनच्या अतिबारीक नळ्यांवरून, पाणी वाहिलं की व्होल्टेज येतं हे दाखवलं होतं. तेच सूद पुढे केंद्र सरकारचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागार झाले.

पण वीज किती, तेही बघा. 2020 च्या फिल्ममधून अर्धा व्होल्ट आणि एका चौरस सेंटिमीटरला 17 मायक्रोअँपिअर, गुणाकार केला तर चौरस सेंटिमीटरला जेमतेम साडेआठ मायक्रोवॅट, म्हणजे वॅटचे साडेआठ दशलक्षांश. त्या हिशोबाने घरातला 9 वॅटचा एलईडी लावायला शंभरेक चौरस मीटर फिल्म लागेल. शेतावरची मोटर यावर चालेल का असं तुम्ही विचारलंय, तर नाही, आज छोटे सेन्सर चालवण्याइतपतच हे आहे. म्हणूनच ‘हवेतून वीज’ या नावाची नोकरी आज शोधायला गेलात तर मिळणार नाही.

आता तिने घरी केलेल्या, तुम्ही पत्रात लिहिलेल्या प्रयोगाबद्दल. काचेवर मेणबत्तीची काजळी धरली, खाली पाणी, एका टोकाला तांब्याची तार, दुसऱ्याला ॲल्युमिनियम फॉइल, मल्टिमीटरवर 300 मिलिव्होल्ट. मला फार आवडलं हे! पण दोन वेगळे धातू पाण्यात आले की तो बॅटरीसारखा साधा सेलच झाला, तो आकडा बहुतेक त्याचाच आहे, आणि मेणबत्तीची काजळी पाणी झटकते त्यामुळे पाणी वर चढलंच नसणार. दोन्हीकडे पेन्सिलचं शिसं लावून परत कर म्हणावं, मग वर बरणी पालथी घालून बाष्पीभवन थांबवायचं आणि व्होल्टेज पडतं का बघायचं. आकडा शून्यावर आला तरी तिला पुढे का ते शोधावंसं वाटलं, तर पोरगी रिसर्चची आहे, तिला बिनधास्त जाऊ द्या. पण नुसती हिरमुसली तर घाई करू नका.

माझं मत स्पष्ट आहे, बातमीतल्या विषयाची डिग्री घ्यायची नाही, त्याच्या खालचा विषय पक्का करायचा. इथे तो म्हणजे फिजिकल केमिस्ट्री आणि मटेरियल सायन्स. बारीक छिद्रांतून पाणी आणि आयन (विद्युतभार असलेले कण) कसे जातात हे ज्याला कळतं त्याला बॅटरी, पाणी शुद्ध करणाऱ्या आरओचे मेम्ब्रेन, रासायनिक क्रिया वेगाने घडवणारे कॅटॅलिस्ट, सेन्सर सगळीकडे काम आहे, हवेतली वीज पुढे गेली नाही तरी शिकलेलं वाया जात नाही. त्यासाठी आयसर पुणे या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेचा पाच वर्षांचा बीएस-एमएस चांगला, त्याला आयएटी ही प्रवेश परीक्षा लागते, ते जमलं नाही तर साधी बीएस्सी केमिस्ट्री किंवा फिजिक्स आणि मग आयआयटी जॅम या प्रवेश परीक्षेतून एमएस्सी, यात कमीपणा अजिबात नाही. नॅनोच हवं असेल तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात इंटिग्रेटेड कोर्स आहे. इंजिनिअरिंगच करायचं असेल तर सीईटीतून केमिकल, माटुंग्याची आयसीटी (केमिकलसाठी नावाजलेली संस्था) मिळाली तर उत्तमच. पीएचडीला नेट-जेआरएफ ही फेलोशिपची परीक्षा निघाली की महिना 37,000 फेलोशिप मिळते, तेव्हा शिक्षणाचा सगळा भार तुमच्यावर येईल असं नाही, पण पक्कं बस्तान बसायला दहा वर्षं जातात हे घरी आत्ताच बोलून घ्या.

त्या प्रायव्हेट कॉलेजला डिपॉझिट भरू नका. आधी लॅब बघायला जा, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप स्वतःचा आहे का विचारा, मागच्या बॅचची मुलं कुठे लागली त्याची यादी लेखी मागा. सीईटीचा फॉर्म मात्र भरून ठेवा, आयएटीचाही.