नव्या बॅरलच्या आतल्या रेघा: कोणत्या सोडून द्यायच्या, कोणत्या नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: .३०८ कॅलिबरची (म्हणजे साधारण ०.३०८ इंच व्यासाच्या गोळीची) नवी बोल्ट-ॲक्शन रायफल (हातानं खिट्टी म्हणजे बोल्ट मागेपुढे करून काडतूस भरायची) हातात आली, मित्राचा बोअरस्कोप (बॅरलच्या आत बघायचा बारीक कॅमेरा, पुढे नुसता स्कोप) आत घातला तर बॅरल नांगरलेल्या शेतासारखी दिसली. एकही गोळी न झाडता परत करावी का? तुमचे सहाही फोटो पाहिले. चारांत जे दिसतंय ते दोष नाहीत. पाचव्यात नुसता मळ आहे. सहावा मात्र मला खटकतोय, त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी त्या स्कोपची भीती घालवू. बॅरलच्या आत पीळदार खाचा असतात: खाच म्हणजे ग्रूव्ह, दोन खाचांमधला उंचवटा म्हणजे लँड, आणि दोन्ही मिळून रायफलिंग. .३०८ च्या बॅरलमध्ये ग्रूव्हचा व्यास साधारण ७.८२ मिमी आणि लँडवरचा व्यास ७.६२ मिमी असतो. म्हणजे एका लँडची उंची ०.१ मिमी, छपाईच्या साध्या कागदाच्या जाडीएवढी. तो कागद स्कोप तुम्हाला मोबाइलच्या स्क्रीनवर भिंतीएवढा करून दाखवतो. मग त्यावरचा ओरखडा ओढ्यासारखा दिसणारच. मी स्कोप घेतला त्या आठवड्यात घरातल्या सगळ्या बॅरल तपासल्या आणि झोप उडवून घेतली. त्यांतली सगळ्यांत कुरूप निघालेली बॅरल नेमकी तीच होती, जिच्यावर मी तीन वर्षं सामने खेळत होतो आणि जिच्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती.

तेव्हा स्कोप बाजूला ठेवा आणि पहिल्यापासून सुरू करा. बोल्ट काढा, चेंबर (काडतूस बसतं तो बॅरलचा मागचा भाग) रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटानं दोनदा तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग बॅरल स्वच्छ करा. हे काम लोक टाळतात आणि मग मळाचे फोटो काढतात. नव्या बॅरलमध्ये गंज रोखणारं तेल असतं, कधी धातूचा बारीक कीस असतो, आणि बहुतेक वेळा कारखान्यात झाडलेल्या गोळ्यांच्या वरच्या आवरणाचं तांबंही असतं. ज्या देशांत सी.आय.पी. या बंदुकांची चाचणी ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे नियम चालतात तिथे तर प्रत्येक रायफलची कमाल दाबापेक्षा सुमारे २५ टक्के जास्त दाबावर चाचणी होते. त्यामुळे तोंडाजवळ तांबूस पट्टे दिसले म्हणून ‘वापरलेली रायफल माझ्या गळ्यात मारली’ असं समजू नका. बोअर गाईड (रॉड बोअरच्या, म्हणजे बॅरलच्या आतल्या पोकळीच्या, मध्यावर ठेवणारी नळी) लावून, अखंड रॉडनं, चेंबरच्या बाजूनं ढकला. आधी दोन कोरडे पॅच, म्हणजे कापडाचे तुकडे. ते फेकू नका, उजेडात धरून बघा. चमचमणारे कण दिसले तर आत कीस आहे, आणि तो निघेपर्यंत ब्रश घासू नका. मग सॉल्व्हंट, मग कोरडे पॅच, पांढरे निघेपर्यंत.

आता साध्या डोळ्यांनी. चेंबरच्या बाजूनं बॅरलमधून खिडकीकडे बघा, आणि तोंडासमोर खिडकीची आडवी पट्टी येईल अशी रायफल धरा. थोडं वरखाली केलं की त्या पट्टीची सावली आतल्या पृष्ठभागावर दोन बारीक रेघा होऊन लांबवर गेलेली दिसते. बॅरल हळूहळू फिरवत राहा. रेघा सरळ राहिल्या तर बॅरल सरळ. एखाद्या ठिकाणी त्या मोडल्यासारख्या वाकल्या तर तिथे बाक आहे. पूर्वी बॅरल सरळ करणारे कारागीर याच सावलीवर नजर ठेवून हातोडा मारत. हे जमायला मला अर्धा तास लागला होता, तुम्हालाही लागेल. याच वेळी कुठे गडद कडं दिसतंय का तेही बघा. आडवी गोल सावली, तिच्या शेजारी उजळ पट्टा: हे फुगवट्याचं लक्षण. नव्या बॅरलमध्ये ते क्वचित सापडतं, पण सापडलं तर पुढे काही तपासायची गरज नाही. ती परतच करायची.

यानंतर हात. माझ्या मते सगळ्या तपासणीत सर्वांत खरं हेच बोलतं. जॅगवर (रॉडच्या टोकाला पॅच धरणारा तुकडा) घट्ट बसेल असा पॅच घ्या, त्याला तेलाचे दोन थेंब लावा आणि चेंबरकडून तोंडाकडे अगदी संथ, एकाच दाबानं ढकला. डोळे मिटलेत तरी चालेल. हाताला लागणारा अडथळा सगळीकडे सारखा हवा. मध्येच रॉड एकदम पुढे सटकला तर तिथे बोअर सैल आहे. अडकला, जोर लावावा लागला, तर घट्ट आहे. रॉडवर पेनानं खूण करा आणि नवा पॅच घेऊन पुन्हा ढकला. तीन वेळा त्याच जागी तेच जाणवलं तर मनाचा खेळ नाही. तोंडाकडे जाताना किंचित घट्ट होत गेलं तर उलट चांगलं. एअर रायफल आणि .२२ च्या कित्येक बॅरलमध्ये तोंडाशी मुद्दाम तसं ठेवतात. तोंडाशी सैल होणं मात्र वाईट, कारण आतापर्यंत धरून ठेवलेली गोळी बॅरल नेमकी शेवटी सोडून देते. माझ्याकडे अशी एक होती. आतून आरशासारखी, स्कोपमध्ये बघत राहावंसं वाटे, आणि शेवटच्या चार बोटांत पॅच लोण्यातून गेल्यासारखा जायचा. वेगवेगळ्या पाच प्रकारची काडतुसं वापरून बघितली, गट, म्हणजे निशाणावर गोळ्यांचा एकत्र पुंजका, काही जमला नाही.

शिशाची मऊ गोळी आतून ढकलून मायक्रोमीटरनं मोजायची पद्धतही आहे. अनुभवी माणूस शेजारी असेल तरच करा. ग्रूव्हची संख्या विषम असेल तर साध्या मायक्रोमीटरनं मोजताही येत नाही. आणि शिसं आत अडकलं तर ते काढण्यासाठी गोळी झाडण्याचा विचारसुद्धा मनात आणू नका.

मग क्राऊन, म्हणजे तोंडाची कड. गोळीला बॅरलचा शेवटचा स्पर्श इथे होतो. कडेला एका बाजूला टवका उडालेला असेल तर गॅस त्या बाजूनं आधी निसटतो आणि गोळीच्या बुडाला तिरका धक्का बसतो. कान कोरायची कापसाची काडी आत घाला आणि प्रत्येक लँडवरून, प्रत्येक ग्रूव्हमधून बाहेर ओढा. कुठे कापसाचा धागा अडकला तर तिथे धातूचं कुसळ आहे. एकाच ठिकाणी एखादा तंतू राहिला तर फार मनावर घेऊ नका, पण भिंगाखाली टवका दिसला तर विक्रेत्याला कळवा. क्राऊन पुन्हा कापता येतो, त्यामुळे बॅरल त्यानं बाद होत नाही. फक्त तो खर्च तुमचा नसावा.

आता स्कोप आत घाला, आणि तुमच्या चार फोटोंकडे या. बॅरल आधी ड्रिलनं पोखरतात, मग रीमर या फिरत्या कापणाऱ्या हत्यारानं बोअर मापाला आणतात, मग रायफलिंग करतात. रीमर गोल फिरतो, म्हणून लँडच्या माथ्यावर आडव्या बारीक रेघा राहतात. बटन, म्हणजे खाचांचा आकार दाबून उठवणारा कठीण धातूचा ठोकळा, ओढून किंवा ढकलून रायफलिंग केलं असेल तर याच रेघा ग्रूव्हच्या तळाशीही दाबल्या गेलेल्या दिसतात. कटरनं ग्रूव्ह कापले असतील तर तळाशी लांबीच्या दिशेनं रेघा असतात. हातोड्यांनी ठोकून घडवलेली बॅरल बहुधा गुळगुळीत असते. तुमची सरळसरळ बटनची आहे. तुम्ही घाबरलात त्या आडव्या रेघा रीमरच्या आहेत, सगळीकडे सारख्या अंतरावर आहेत, आणि हाताला पॅच सारखा लागत असेल तर त्या विसरा. आडव्या रेघा गोळीचं तांबं खरवडतात, म्हणून सुरुवातीला सफाई जरा जास्त करावी लागेल, एवढंच. तुमच्या चौथ्या फोटोत लांबीच्या दिशेनं एक केसासारखी काळी रेघ आहे. ४१६ आर जातीचं स्टेनलेस पोलाद नीट कापलं जावं म्हणून त्यात गंधक घालतात, आणि त्याचे मँगनीज सल्फाइडचे तंतू पोलाद लांबवताना लांबीच्या दिशेनं पसरतात. तशी एखादी बारीक रेघ दिसते. ती भेग नव्हे.

सोडून देऊ नयेत अशा गोष्टी वेगळ्या. लाटांसारखे ठळक, हाताला जाणवणारे, कापताना हत्यार थरथरल्यानं पडलेले वळ. एखाद्या लँडची कड मोडलेली किंवा ओरबाडून उचकटलेली. गंजाचे खड्डे. रीमरमध्ये कीस अडकून पडलेला एकच खोल, गोल फिरत गेलेला ओरखडा. आणि थ्रोटमध्ये, म्हणजे चेंबरच्या पुढे रायफलिंग सुरू होतं तिथे, वाळलेल्या चिखलासारख्या भेगांचं जाळं दिसलं तर ‘नवी’ या शब्दाबद्दल विक्रेत्याशी बोला, कारण ते जाळं गोळ्यांच्या उष्णतेनंच पडतं.

चेंबरबद्दल एवढंच: बॅरलवर कोरलेलं कॅलिबर आणि तुमच्या हातातलं काडतूस जुळतंय हे स्वतः वाचा, आणि हेडस्पेस (बोल्ट बंद असताना काडतुसाला मिळणारी लांबीची जागा) बंदूक कारागिराकडून तपासून घ्या. तो काडतुसाच्या आकाराचे मापाचे ठोकळे, म्हणजे गेज, वापरतो: ‘गो’ गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, ‘नो-गो’वर नको.

आता तो सहावा फोटो. थ्रोटमध्ये लँड जिथून सुरू होतात तिथे प्रत्येक लँडचं टोक उतरतं कापलेलं असतं. सगळ्या लँडची टोकं एकाच रेषेत सुरू व्हायला हवीत. तुमच्या फोटोत वरच्या लँडचा उतार छोटा आणि खालच्याचा त्याच्या जवळजवळ दुप्पट लांब दिसतोय. हे खरं असेल तर चेंबर बोअरच्या मध्यावर कापलेलं नाही, आणि गोळी रायफलिंगमध्ये तिरकी शिरेल. पण स्कोपच्या टोकाचा, बाजूचं दाखवणारा आरसा तिरका धरला तरीही अगदी असंच दिसतं. म्हणून स्कोपच्या रॉडला टेप लावून खोली पक्की करा, स्कोप पुढेमागे न हलवता फक्त फिरवा, आणि प्रत्येक लँडच्या सुरुवातीचा एकेक फोटो घ्या. मग स्कोप बाहेर काढून अर्धा फिरवून पुन्हा घाला आणि तेच फोटो परत काढा. लांब उतार प्रत्येक वेळी त्याच लँडवर आला तर दोष बॅरलचा. स्कोपबरोबर तोही फिरला तर दोष आरशाचा.

हे होईपर्यंत गोळी झाडू नका. एकदा झाडलीत की विक्रेता म्हणणार, आमच्याकडून गेली तेव्हा ठीक होती. फोटो ठीक निघाले तर रेंजवर जाण्याआधी कोरडा पॅच फिरवून आतलं तेल पुसायला विसरू नका, आणि वीस गोळ्यांनंतर सफाई करून तीच जागा पुन्हा बघा. थ्रोटचे नवे फोटो आले की पाठवा, जमलं तर क्राऊनचाही एक.