अडीच वर्षांचा पुतण्या अजून बोलत नाही. घरचे म्हणतात, त्याचा बापही उशिराच बोलला. थांबावं का?

थांबू नका. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी चालवते. 'बाप उशिरा बोलला' हे कधी खरंही असतं, पण नुसत्या बोलण्यावरून ठरवू नका. त्याला समजतं किती, ते बघा. हाताने खूण न करता "चप्पल आण" म्हटलं तर आणतो का? तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल दिसला की बोट दाखवून तुमच्याकडे वळून बघतो का? खोटा खोटा चहा करून पाजतो का? हे सगळं करतो, फक्त शब्द नाहीत, तर काळजी थोडी कमी. तपासणी तरीही हवी. यातलं काहीच होत नसेल आणि दीड वर्ष उलटूनही चालला नसेल, तर एकूण विकासच मागे पडतोय का, ते दाखवून घ्या. आधी येणारे शब्द किंवा खेळ बंद पडले असतील, तर लगेच निघा.

पहिले कान तपासा. ताट पडलं की दचकतो, म्हणजे ऐकू येतं, असं आजी सांगते. पण मोठा आवाज ऐकणाऱ्या लेकरालाही बोलण्यातले बारीक आवाज ऐकू येत नसतील. जिभेखालची तार कापायचा सल्ला तर गावात कोणीही देतं. तारेने उच्चार अडतील एखादवेळी, समज नाही अडत.

निंदणाच्या, कापूस वेचायच्या दिवसांत माय वावरात आणि लेकरू आजीजवळ. पोरगं शांत, त्रास देत नाही, याचं कौतुकच होतं. म्हणून आजीला "काही कमी आहे का?" विचारू नका, राग येतो. दिवसभर काय काय करतो, ते विचारा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं (२०१३ पासून) लेकरं तपासणारं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्याची वाट न बघता आशाताईला सांगून जिल्हा रुग्णालयात न्या, शीघ्र हस्तक्षेप केंद्र (विकासात मागे पडलेल्या लहान लेकरांची तपासणी-थेरपी होते ते) कुठे आहे ते विचारा. पाच वर्षांच्या आत डॉक्टर बहुधा 'मतिमंद' असं लिहीत नाहीत, 'विकासात विलंब' लिहितात. थेरपी मात्र तेव्हापासूनच सुरू करता येते, पाच वर्षं थांबावं लागत नाही. घरच्यांना अंगारा लावायचा तर लावू द्या, त्यावरून भांडू नका; दवाखान्याची तारीख तेवढी चुकवू नका.

जाताना मोबाईलवर त्याचे घरी खेळतानाचे दोन-तीन व्हिडिओ न्या. तिथे तो रडतच बसेल, डॉक्टरांना दिसणार काय?