आधी खड्डा, मग गॅबियन

कृष्णाकाठ ढासळू नये म्हणून गॅबियनची, म्हणजे दगड भरलेल्या जाळीच्या पेट्यांची, भिंत बांधायची तुमची ही पहिलीच साइट, म्हणजे पोटात गोळा येणारच. डिझाइनचं तूर्त राहू द्या, आधी जमिनीत काय आहे ते बघू.

नवखे माती तपासायचे सगळे बोअर काठाच्या माथ्यावर घेतात, कारण बोअर घेणारं यंत्र, म्हणजे रिग, तिथे सहज उभी राहते. घसरण बहुतेकदा पायथ्याशी सुरू होते, तिथेही एक बोअर हवाच. एसपीटीचे (नळी जमिनीत ठोकून माती किती घट्ट आहे ते बघायची चाचणी) ठोके मोजताना स्वतः उभे राहा. पहिल्या 15 सेंमीचे सोडायचे, पुढच्या 30 सेंमीचेच धरायचे. नमुना बोटांत चुरगळून बघा. काळ्या मातीखाली वाळूचा पट्टा लागला तर खोली लगेच लिहा. पूर ओसरताना काठात मुरलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं आणि वाळू सोबत नेतं.

आता जमिनीखालच्या लाइनी:

- वीज, पाणी, फायबरचे नकाशे मागवा, ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲपवर खोदाईची नोंद करा.
- उपसा सिंचनाच्या खाजगी पाइपलाइनी बहुधा कुठल्याच नकाशात नसतात. मोटारी कुठे आहेत बघा, शेतकऱ्यांना सोबत घेऊन चुन्याची रेघ मारा.
- साधा केबल लोकेटर पीव्हीसी पाइप दाखवत नाही. रेघेवर फावड्याने खड्डा घेऊन पाइप डोळ्यांनी बघा, मगच जेसीबी.

हे शेवटचं मी एकदा टाळलं होतं. एप्रिलमध्ये बकेटच्या दातात सहा इंची पाइप आला, आणि उसाचं पाणी तुटलेले चार शेतकरी दिवसभर माझ्या डोक्यावर उभे होते. बरोबरच होतं त्यांचं.

बोअरलॉग (कुठल्या खोलीवर कोणती माती लागली त्याच्या नोंदी) आले की मला पाठवा, बघू.